साखरेची फुले आणि हलव्याचा काटा

गेल्या वर्षी कुंडलला आमच्या एका पुतणीचा साखरपुडा झाला. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे अंगठ्या झाल्या, फोटो झाले आणि मग मांडवाच्या मध्यभागी तीन मजली केक आणून ठेवण्यात आला. केकवर गुलाबाची फुले होती. ती इतकी हुबेहूब, की एका पोराने नाक लावून वास घेऊन पाहिला. सगळी फुले साखरेची. आमच्या आत्यांचे वय नव्वदीच्या घरात. दृष्टी मात्र अजून सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत. त्यांनी एक फूल उचलले, पाकळीचा तुकडा दाताखाली धरला, देठाकडे बोट नेले आणि दचकून म्हणाल्या, "आगं बया, ह्याच्या पोटात तार हाय की! आपल्या हलव्याला काटा भायेर, ह्यांचा काटा आत."

मंडळी हसली आणि जेवायला उठली. मला मात्र त्या वाक्याने पुढे कितीतरी दिवस गुंतवून ठेवले. ज्या समारंभाचे नावच मुलीच्या हाती दिलेल्या साखरेच्या पुड्यावरून पडले, तेथे साखरेची फुले आली यात वावगे काही नाही. पण कुंडलच्या आसपास आज जिकडे पाहावे तिकडे ऊस उभा आहे, गावालाच साखर कारखाना आहे. तेव्हा येथल्या लेकीसुनांच्या अंगाखांद्यावर साखरेची फुले पहिल्यांदा कधी चढली असतील? वाटते तितकी ही गोष्ट जुनी नाही, आणि वाटते तितकी सरळही नाही.

आधी त्या तारेविषयी. केक करणारी मुलगी पुतणीची मैत्रीणच होती. तिच्याकडून मी सगळी कृती समजून घेतली. दळलेली साखर डिंक घालून कणकेसारखी मळायची. हा डिंक पूर्वी कतिऱ्याचा असे. उन्हाळ्यात आपण थंडाईसाठी भिजत घालतो तोच. मग ती कणीक इतकी पातळ लाटायची, की खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरे वाचता यावीत. पाकळ्या कापायच्या, त्यांची कड गोल टोकाच्या काडीने दाबून आणखी तलम करायची, डिंकाच्या पाण्यात बुडवलेली बारीक तार पाकळीच्या बुडात अलगद सारायची आणि ती वाळू द्यायची. वाळल्यावर रंगाची पूड ब्रशाने लावून एकेक पाकळी मधल्या कळीभोवती बांधत जायचे. तारा सरळ केकात खोचत नाहीत, आधी एखाद्या नळीत घालतात. कारण तार खायची नसते. तारेची गरजच काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "काका, साखर मोडते, वाकत नाही. वाकायचं काम तारेनं करायचं."

या विद्येला युरोपात मोठा मान होता. सोळाव्या शतकात इटलीत साखर आणि कतिरा यांच्या लगद्यापासून ताटे, पेले, फळे आणि पुतळे करीत. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला असता त्याच्यासाठी मांडलेल्या मेजावरचे ताट, सुरी, हातरुमाल, एवढेच काय पण पावसुद्धा साखरेचे होते. राजाने रुमाल उचलला, तो हातातच मोडला, तेव्हा कुठे त्याला गंमत कळली म्हणतात. साखर त्या काळी तिकडे मसाल्यांच्या मोलाने विकली जाई. तेव्हा साखरेचे फूल हे फूल नव्हते, ते ऐश्वर्याचे प्रदर्शन होते. आणि ते मांडले जाई मेजावर.

आपल्याकडे साखर मेजावर गेली नाही, माणसाच्या अंगावर गेली. माझ्या मते दोन परंपरांतला खरा फरक हा आहे; तारेचा आणि दोऱ्याचा फरक त्यातूनच आला. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचे; वर्षाच्या आतल्या बाळाला काळे झबले, हलव्याचा मुकुट आणि बासरी घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे, म्हणजे बोरन्हाण. हे चित्र इतके आपल्या ओळखीचे आहे की ते शिवकाळापासून असेच चालत आले असावे, असे सहज वाटते. पण त्यासाठी पांढरी शुभ्र साखर हवी, आणि साखरेचा इतिहास वेगळेच काही सांगतो.

साखर मूळची आपलीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची नावे आली आहेत. या 'शर्करे'चे अरबीत 'सुक्कर' झाले, आणि युरोपातल्या बहुतेक भाषांतले साखरेचे नाव त्यातूनच निघाले. 'खंड' इराणात 'कंद' होऊन पुढे इंग्रजांच्या 'कँडी'पर्यंत पोहोचला. ६४७ मध्ये चीनच्या तांग बादशहाने साखर करण्याची विद्या शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठविली, अशी चिनी इतिहासात नोंद आहे. मौज अशी, की एवढे शिकवून आपण आपल्याच साखरेला नाव दिले 'चिनी', आणि खड्यांना 'मिसरी', म्हणजे मिसर देशची. मराठीत तर स्वच्छ पांढऱ्या साखरेला आमच्या लहानपणापर्यंत 'मोरस' म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. नावांवरूनच कळावे, की पांढरी साखर हा आपल्या घरात बाहेरून येणारा, पैसे मोजून घ्यायचा जिन्नस होता. कृष्णाकाठी पिकत होता तो ऊस, आणि होत होता तो गूळ.

हलव्याचेही असेच आहे. नाव अरबी, 'हलवा' म्हणजे गोड पदार्थ. मात्र बीजावर पाकाचे थर चढवीत जाण्याची युक्ती कितीतरी देशांत आढळते. इराण-अफगाणिस्तानात बदामावर खडबडीत साखर चढवून 'नोक्ल' करतात आणि तो लग्नात उधळतात. पोर्तुगीजांचा 'कोंफेइतो' त्यातलाच. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या पाद्र्याने जपानचा सत्ताधीश ओदा नोबुनागा याला काचेच्या बरणीतून हे साखरेचे दाणे नजर केले. हा फ्रोइश जपानला जाण्यापूर्वी गोव्यात राहिलेला. जपान्यांनी त्या दाण्यांना 'कोंपेइतो' म्हटले आणि ते आजतागायत करतात. एक-दोन आठवडे गरम, फिरत्या कढईत थोडाथोडा पाक घालीत. आणि दाण्याला चहूबाजूंनी काटे येतात, थेट आपल्या हलव्यासारखे! तेरादा तोराहिको नावाच्या जपानी पदार्थवैज्ञानिकाला या काट्यांनी इतके वेड लावले की त्याने त्यांवर निबंध लिहिला. आता हे सगळे वाचल्यावर हलवा आपल्याला पोर्तुगीजांनी गोव्यामार्गे दिला, असे ठोकून देण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. अरबी नाव सांगते की वाट दुसरीही असू शकेल. आणि पाक घेऊन बसलेल्या बाईला काटा आपोआपही सापडू शकतो.

तो कसा सापडतो, हे आत्यांकडूनच ऐकावे. त्या सांगतात, हलवा करायचा तो पौषातल्या कोरड्या थंडीत, भल्या पहाटे. ढग आले की काम बंद. साखरेत पाणी घालून पाक उकळायचा, त्यात थोडे दूध घातले की मळी वर येते, ती काढून पाक फडक्यातून गाळायचा. शेगडीत नुसता राखाडलेला निखारा. त्यावर पितळेची परात, परातीत मूठभर तीळ किंवा खसखस, साबुदाणा, लवंगा. चमचाभर पाक शिंपडायचा आणि बोटांच्या अग्रांनी दाणे हलवीत राहायचे. तो सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली किंवा पाक घट्ट झाला की दाणे एकमेकांना चिकटून लाडू होतो. पहिला दिवस जातो, दुसरा जातो, दाणा नुसता पांढरा होत राहतो. मग केव्हातरी त्याच्या अंगावर बारीक उंचवटे दिसू लागतात. जो उंचवटा पुढे, तो परातीतला पाक आधी टिपतो आणि आधी सुकतो, म्हणून आणखी पुढे येतो. मागे राहिलेला मागेच राहतो. हे शास्त्र झाले. आत्या म्हणतात, "काटा हातावर धरतो. एकीच्या हाताला धरतो, एकीच्या नाय." बोटांची अग्रे भाजून गुळगुळीत होतात, आठवडाभर भाकरी थापताना चुरचुरतात.

आणि हा काटा केवळ शोभेचा नाही. दागिना त्याच्यावरच उभा राहतो. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, तो फुटतो. म्हणून पांढऱ्या दोऱ्याचा फास करायचा, दाणा त्यात धरायचा आणि फास आवळायचा. काट्यांच्या सापटीत दोरा बसतो आणि सरकत नाही. मग लगेच दुसरा फास, दुसरा दाणा. गुळगुळीत हलव्याचा हार होत नाही, दोरा निसटतो. अशा सरांतून मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, वेणी. जावयाला हार, हलव्याने मढवलेला नारळ आणि हौसेने मनगटी घड्याळसुद्धा. फुलासाठी लवंगेचा हलवा लागे. लवंगेचा देठ मोकळा ठेवून डोक्यावर साखर चढवली, की ती कळी होते, आणि देठ बांधायला सापडतो. पाच-सहा कळ्या बांधल्या की कर्णफूल. बांगडीला तेवढी पितळेची बारीक तार, तीसुद्धा दोऱ्याने गुंडाळून. म्हणजे तार आपल्याकडेही होती. पण फूल तारेवर उभे नव्हते, फुलाचे वजन फुलाच्याच काट्यांवर होते. आत्यांच्या त्या वाक्यात एवढे सगळे होते, हे मला फार उशिरा उमगले.

आता कुंडल. हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते आणि तालुक्याचे ठिकाण होते. १९१० साली याच तालुक्यात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळालेल्या जागेत कारखाना मांडला, तीच किर्लोस्करवाडी. तेथे नांगर झाले, कडबा कापायची यंत्रे झाली, तसे उसाचे लोखंडी चरकही झाले. चरकाने रस जास्त निघू लागला. पण रस जायचा तो काहिलीत. चुलवाणावर गुळव्या बसलेला, भेंडीच्या पाण्याने मळी काढलेली, आणि शेवटी वाफ्यातून निघालेली ढेप. साखर नव्हे. देशात साखर कारखान्यांची लाट आली ती १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसल्यानंतर. तोपर्यंत तीस-बत्तीस असलेले कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. कृष्णाकाठच्या या भागात मात्र ऊस गुऱ्हाळातच जात राहिला.

म्हणून शेतकऱ्याच्या घरची संक्रांत वेगळी होती. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी सुगडात उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजर, गव्हाच्या ओंब्या घालून बायका ववसायला देवळात जात. तिळात गूळ. हलव्याचे दागिने ही पुण्या-साताऱ्याकडच्या, नोकरीपेशातल्या, रोख पगारावर मोरस घेऊ शकणाऱ्या घरांची हौस. गावात ती पाहायला मिळे मास्तरांच्या घरी, नाहीतर तलाठ्याच्या घरी. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. आपण आज ज्याला 'महाराष्ट्राची परंपरा' म्हणतो, त्यातले बरेच काही एका आळीतून दुसऱ्या आळीत चालत गेलेले आहे, आणि ते चालत गेले म्हणूनच जिवंत राहिले.

कुंडलमध्ये ते चालत कसे गेले? आमच्या घरची हकीकत सांगतो. १९४३ पासून १९४६ पर्यंत साताऱ्याचे प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी 'पत्रीसरकार', या टापूत नांदत होते. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते, आणि जी. डी. बापू लाडांचे कुंडल त्याचे मोठे ठाणे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेने जाणारी सरकारी पगाराची रक्कम तुफान सेनेने लुटली, ती हकीकत सर्वश्रुत आहे. पण बायकांच्या आठवणीत पत्रीसरकार राहिले ते आणखी एका कारणाने. त्यांनी गांधी-विवाह लावले. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. सुताचे हार घालायचे आणि झाले लग्न. लग्नापायी जमीन सावकाराच्या घशात जायची, ती वाचवायची हा हेतू.

आमच्या थोरल्या आत्यांचे लग्न असेच १९४५ च्या उन्हाळ्यात झाले. अंगावर फुटका मणी नव्हता, मंगळसूत्राचा तेवढा काळा पोत. धाकट्या आत्या, म्हणजे केकवरचे फूल चाखणाऱ्या, तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. त्यांना तो सुताचा हार मुळीच आवडला नव्हता, हे त्या अजून प्रामाणिकपणे सांगतात. पुढे संक्रांत आली. शेजारच्या मास्तरीणबाईंनी थोरलीला घरी बोलावले. साखरेवर सरकारी नियंत्रण येऊन तीन-चार वर्षे झालेली, मिळेल ती मोजून मापून. पण बाईंनी दिवाळीपासून पसापसा बाजूला टाकलेली होती. तिचा पाक केला, आणि परातीपाशी बसवले ते धाकटीला. पाच पहाटा ती निखाऱ्यापुढे बसली. त्यातून एक हार, दोन कर्णफुले आणि एक वेणी एवढेच झाले. थोरलीला जुन्याच काळ्या लुगड्यावर ते घातले, ओटी भरली. ती घरी आली तेव्हा आमचे आजोबा, पत्रीसरकारच्या सभांना न चुकता जाणारे, ओसरीवर बसले होते. दागिना नको असा कडक निश्चय केलेला माणूस. आता बोलतात की काय म्हणून सगळ्या बायका दाराआड उभ्या. आजोबांनी हाराचा एक दाणा तोडला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "ह्यो सावकाराकडं गहाण न्हाई पडायचा."

इंग्लंडातही त्याच सुमारास असाच प्रसंग होता, हे वाचून मला गंमत वाटली. ऑगस्ट १९४० पासून तेथे केकवर साखरेचा मुलामा चढवायला बंदी होती. बिचाऱ्या नवऱ्या मुली पुठ्ठ्याचा नक्षीदार खोका भाड्याने आणीत, त्याखाली छोटासा साधा केक झाकून ठेवीत आणि फोटो काढून झाला की खोका परत करीत. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाच्या केकसाठी साखर आली ती ऑस्ट्रेलियातल्या बालवीर मुलींकडून. फुलाचा देखावा राखायचा आणि साखर नाही. त्यांनी देखावा राखला. आमच्या मास्तरीणबाईंनी साखर राखली. कोणाचे अधिक बरोबर, ते मी सांगणार नाही. नवऱ्या मुलीचे मन दोन्हीकडे सारखेच.

पुढचे लवकर सांगून टाकतो. १९५० च्या अखेरीस लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग सांगलीला वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने झाला, आणि बघता बघता कृष्णेच्या दोन्ही काठांवर धुराडी उभी राहिली. सभासदाला घरटी साखर मिळू लागली. जी वस्तू मास्तरीणबाईंनी पसापसा साठवली, ती पोत्याने घरात आली. कुंडलला आज जी. डी. बापू लाडांच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. शेतकऱ्यांच्या सुनांना हलव्याचे दागिने घालण्याची चाल या साखरेबरोबर घरोघर रुजली, असा माझा तर्क आहे. निदान आमच्या वाड्यावरच्या चार घरांत तरी तसेच झाले. आत्यांनी त्या घरांतल्या सगळ्या सुनांचे दागिने केले.

आता हलवा विजेवर फिरणाऱ्या पिंपातून निघतो आणि दागिने पेटीत घालून दुकानात मिळतात. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नाही. त्यामुळे अनेक बायकांना चार पैसे मिळतात, आणि हौस सर्वांच्या आवाक्यात आली आहे. मात्र त्यातले पुष्कळसे दागिने पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात, मधे प्लास्टिकचे मणी असतात, आणि घरची बाई दाराशीच पोरांना बजावते, "खाऊ नका रे ते." खायचे नाही असे साखरेचे फूल! याच्यापेक्षा ती केक करणारी पोरगी बरी. ती निदान तार कुठे आहे ते सांगून ठेवते.

ती मुलगी साखरपुड्यानंतर दोनदा आत्यांकडे येऊन गेली. पौषात तिने पुन्हा यायचे ठरवले होते, आणि आली. पितळेची परात माळ्यावरून काढली, चिंचेने घासली. पहिल्या पहाटे तिने कतिरा आणला होता, पाकात घालून पाहू म्हणून. आत्यांनी तो हळूच बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी ढग आले. तिसऱ्या दिवशी पाक घट्ट झाला. चौथ्या पहाटे मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोघी परातीवर वाकल्या होत्या, आणि आत्या तिचे बोट धरून एका दाण्यावरून फिरवीत होत्या. "लागतंय का?" त्या विचारीत होत्या. "डोळ्यानं बघू नगंस. बोटाला लागतंय का सांग."